ऑपरेशन डाव्या कानाचं, टक्कल उजव्या बाजूला

प्रश्न: वय ३८, प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. अडीच महिन्यांपूर्वी डाव्या कानाचं मॅस्टॉइडचं, म्हणजे कानामागच्या हाडाचं, ऑपरेशन झालं, पडदाही नवीन बसवला. पूर्ण भूल दिली होती, साडेतीन तास लागले. कानामागचे काढलेले केस अजून इंचभरच आले आहेत. ऑपरेशननंतर तीन आठवड्यांनी बहीण वेणी घालत असताना तिला डोक्याच्या मागे, उजव्या बाजूला रुपयाएवढं टक्कल दिसलं. शेजारणी म्हणतात चाई पडली. आता पंधरा दिवसांपासून विंचरताना केसांचे पुंजके हातात येतात. डावा कान वरून बधिर आहे, आतून अधूनमधून ओल येते. ऑपरेशनमध्ये एखादी नस कापली गेली का? केस परत येतील का? दोन महिन्यांनी भाचीचं लग्न आहे.

उत्तर:

आधी नसेचं सांगतो, कारण तुमची झोप तिनेच उडवलेली दिसते. केसांची मुळं रक्तावर जगतात. कानाच्या स्पर्शाची नस दुखावली तर कान बधिर होतो, त्याने केस गळत नाहीत. तुमच्या पत्रात केस जाण्याचे तीन वेगवेगळे प्रकार एकत्र गुंतले आहेत. तिघांचं कारण वेगळं, येण्याची वेळ वेगळी, जायची वेळही वेगळी. ते एकामागोमाग आले म्हणून तुम्हाला वाटतंय की काहीतरी वाढत चाललंय. तसं नाही.

सगळ्यात सोपा प्रकार म्हणजे कानामागचे काढलेले केस. डोक्यावरचा केस महिन्याला साधारण १ सेंटिमीटर वाढतो, कोणतंही तेल लावा किंवा लावू नका. अडीच महिन्यांत अडीच सेंटिमीटर, म्हणजे इंचभर. तुमचे केस 'इंचभरच' आलेले नाहीत, ते बरोबर वेळेवर आलेत. फक्त शेजारचे केस दीड फूट लांब असल्यामुळे ते बिचारे खुंटल्यासारखे दिसतात.

हे केस काढतात कशाला, असा प्रश्न बरेच जण विचारतात. चीर कानाच्या मागे असते, तिथे केस फारसे नसतात. पण नवा पडदा ज्यापासून करतात ते पातळ आवरण कानाच्या वर, कानशिलाच्या स्नायूवर असतं. ओलं असताना ते पांढुरकं आणि लिबलिबीत, वाळवलं की पतंगाच्या कागदासारखं होतं. ते काढायला चीर वरच्या बाजूला केसांत न्यावी लागते. मी शिकत होतो तेव्हा ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी वॉर्डात न्हावी यायचा आणि वस्तऱ्याने चार बोटं जागा साफ करून जायचा. बायका त्या संध्याकाळी रडायच्या, ऑपरेशनच्या दिवशी नाही. आम्हाला ते विचित्र वाटायचं. आता वाटत नाही.

गंमत म्हणजे वस्तऱ्याने जंतुसंसर्ग कमी होतो हा समजच चुकीचा निघाला. १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात वस्तरा फिरवलेल्या रुग्णांपैकी ५.६ टक्क्यांची जखम चिघळली होती. केस न काढलेल्या किंवा क्रीमने काढलेल्या रुग्णांत हे प्रमाण ०.६ टक्के होतं. वस्तऱ्याने कातडीला बारीक चिरा पडतात आणि रात्रभरात त्यांत जंतू घर करतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये स्पष्टच सांगितलं की केस शक्यतो काढू नका, काढायचेच असतील तर मशीनने कापा, वस्तरा नको. मी आता बोटभर जागा मशीनने करतो, बाकीचे केस ओले करून चिकटपट्टीने मागे ओढून ठेवतो. अजूनही काही ठिकाणी चार बोटं केस काढतात. ते चूक नाही, पण गरजेचंही नाही. पुढे कधी दुसऱ्या कानाची वेळ आलीच तर आधी विचारा, "किती केस काढणार?" यात डॉक्टरांना राग येण्यासारखं काही नाही.

या जागेत एकच भाग असा आहे जिथे केस पुन्हा येणार नाहीत, तो म्हणजे प्रत्यक्ष चिरेची रेघ. व्रणाच्या कातडीत केसांची मुळं नसतात. रेघ एक-दोन मिलिमीटर रुंदीची असेल तर केस वाढल्यावर ती शोधूनही सापडत नाही. रक्त थांबवायला आम्ही विजेच्या चिमट्याने जाळतो, तो चटका मुळांपर्यंत गेला तर रेघ थोडी रुंद होते. आज ती लाल आणि जाडसर लागत असेल तर घाबरू नका, व्रण पूर्ण मऊ व्हायला वर्ष लागतं. मात्र ती महिन्यागणिक उंच, टणक आणि खाजरी होत चालली, किंवा तुमच्या घरात कान टोचल्यावर गाठी येण्याचा इतिहास असेल, तर ते केलॉइड, म्हणजे व्रणाची वाढत जाणारी गाठ, असू शकतं. त्यावर लवकर दाखवलं तर इंजेक्शनने काम भागतं.

आता उजव्या बाजूचं टक्कल. खरं तर सविस्तर उत्तर लिहायला बसलो ते याच्यासाठी, कारण हे कुणी आधी सांगत नाही आणि नंतर रुग्ण एकटाच घाबरत बसतो.

डाव्या कानाच्या ऑपरेशनला तुम्हाला पाठीवर झोपवून डोकं उजवीकडे वळवतात. मग साडेतीन तास डोक्याचं सगळं वजन उजव्या मागच्या बाजूच्या एका छोट्या गोल जागेवर येतं. तिथे कातडी आणि हाड यांच्यामध्ये मांसाची गादी नाही. झोपेत आपण रात्रभर कूस बदलत असतो, भुलेखाली माणूस हलत नाही. दाबाने त्या जागेचं रक्त अडतं. त्यात आणखी एक भर आहे. कानाचं ऑपरेशन मायक्रोस्कोपखाली चालतं आणि तिथे रक्ताचा एक थेंब म्हणजे आमच्यासाठी तळं असतं, म्हणून भूलतज्ज्ञ रक्तदाब मुद्दाम थोडा उतरवून ठेवतात. कान कोरडा राहतो, पण वजनाखाली दबलेल्या त्या कातडीला आणखी कमी रक्त मिळतं. केसांची मुळं मरत नाहीत, ती काम बंद करून झोपी जातात. मग एक ते चार आठवड्यांनी तिथले केस एकदम सुटतात. तुमच्या बहिणीला तिसऱ्या आठवड्यात दिसलं, म्हणजे अगदी ठरल्या वेळेला.

आठवून बघा, ऑपरेशननंतर पहिले दोन-तीन दिवस त्या जागी उशीवर डोकं टेकल्यावर दुखत होतं का, थोडी सूज होती का? बऱ्याच जणांना आठवतं. पण तेव्हा सगळं लक्ष डाव्या कानाकडे आणि डोक्याला गुंडाळलेल्या त्या पागोट्यासारख्या पट्टीकडे असतं, म्हणून ते सांगायचं राहून जातं.

हा प्रकार नवा नाही. स्त्रीरोगाच्या लांबलेल्या ऑपरेशनांनंतर डोक्याच्या मागे पडणाऱ्या अशा टकलांबद्दल अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांनी १९६० मध्येच लिहून ठेवलं आहे. म्हणजे डोक्याला कुणी हातही न लावता टक्कल पडतं. उपायही साधा आहे, डोक्याखाली जेलची मऊ रिंग ठेवायची आणि मधूनमधून डोकं जरा हलवायचं. पण डॉक्टर मायक्रोस्कोपमध्ये तीन मिलिमीटरच्या हाडाशी खेळत असताना "जरा डोकं हलवू का?" असं विचारणारा भूलतज्ज्ञ फार धीराचा लागतो. मीही पूर्वी अशा वेळी "पाच मिनिटं थांबा" म्हणून अर्धा तास काढला आहे. माझ्या एका रुग्णाला नेमकं तुमच्यासारखं टक्कल पडलं आणि त्याने मला ते सहा आठवड्यांनी दाखवलं, तेव्हापासून मी ती पाच मिनिटं पाचच ठेवतो.

जागेवरची कातडी गुळगुळीत पण मऊ असेल, खपली किंवा जखम झालेली नसेल, तर केस परत येतात. बहुतेकांना तीन-चार महिन्यांत लव दिसू लागते. बहिणीला सांगा, टॉर्च तिरका धरून बघ. कदाचित आत्ताच बारीक केसांची टोकं दिसतील. सुरुवातीला काळी खपली धरून जखम झाली असती तर मुळं कायमची गेली असण्याची शक्यता होती. तुम्ही तसं काही लिहिलेलं नाही.

आणि शेजारणींची चाई? चाईत टक्कल एका जागी थांबेलच असं नाही, दुसरीकडे नवं येऊ शकतं. भुवयांतही येऊ शकतं. कडेला उद्गारचिन्हासारखे, मुळाशी बारीक आणि वर जाड, तुटके केस दिसतात. तुमचं टक्कल एकच आहे, डोकं टेकलेल्या नेमक्या जागी आहे आणि तीन आठवड्यांच्या हिशेबात बसतं. दुसरं टक्कल उमटलं तर मात्र त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, मी तिथे वाद घालणार नाही.

जाता जाता, कॉक्लिअर इम्प्लांट (ऐकू येण्यासाठी आतल्या कानात बसवलेलं यंत्र) केलेल्या मुलांचे पालकही असाच प्रश्न घेऊन येतात, म्हणून इथेच सांगतो. मुलाच्या डोक्यावर चुंबकाने चिकटणारं बटण असतं, त्याखालचे केस विरळ होऊन कातडी लाल झाली तर तोही दाबाचाच परिणाम. चुंबक कमी ताकदीचं करून मिळतं. तेल चोळत बसू नका, आणि लालसर कातडीवर बटण तसंच लावून ठेवू नका.

तिसरा प्रकार म्हणजे आता पुंजक्यांनी गळणारे केस. डोक्यावर साधारण एक लाख केस असतात. त्यातले बहुतेक वाढत असतात, थोडे विश्रांती घेत असतात. विश्रांती सुमारे तीन महिन्यांची, ती संपली की केस गळून खालून नवा येतो. म्हणून रोज ५० ते १०० केस गेले तरी ते नेहमीचंच. मोठं ऑपरेशन, तीव्र ताप, बाळंतपण असा धक्का बसला की एरवी वाढत राहिले असते असे कितीतरी केस एकदम विश्रांतीला जातात आणि दोन-तीन महिन्यांनी एकदम गळतात. टेलोजेन एफ्लुव्हियम हे त्याचं नाव, १९६१ मध्ये अमेरिकेतल्या एका त्वचारोगतज्ज्ञांनी दिलेलं. २०२०-२१ मध्ये कोविडनंतर घराघरांत लोकांनी हे पाहिलं. आज गळणारा केस हा अडीच महिन्यांपूर्वीच गळायचं ठरलेला केस आहे. म्हणून कालपासून सुरू केलेल्या शाम्पूला दोष देऊ नका आणि परवा थांबलं तर नव्या तेलाला श्रेयही देऊ नका.

यात सगळं डोकं एकसारखं विरळ होतं, टक्कल पडत नाही. गळती बहुधा तीन ते सहा महिन्यांत थांबते. वेणीची जाडी परत यायला त्याहून वेळ लागतो, कारण नवा केस पुन्हा महिन्याला १ सेंटिमीटरच वाढणार.

इथे मला तुमच्या ताटात डोकावायचं आहे. ऑपरेशन झालं की आपल्याकडे पथ्याची यादी सुरू होते. दही बंद, केळी बंद, अंडी 'उष्ण' म्हणून बंद, डाळ वातूळ म्हणून बंद, मासे तर नावच काढू नका. महिनाभर मऊ भात आणि मुगाचं पाणी. कानाच्या टाक्यांना यातल्या कशाचाही त्रास होत नाही. उलट जखम भरायला आणि केस उगवायला प्रथिनं आणि लोह लागतं, तेच आपण काढून घेतो. तुम्ही असं पथ्य पाळत असाल तर आजपासून सोडा. सोबत हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड एवढं तपासून घ्या. पाळी जास्त जाणाऱ्या बायकांत फेरिटिन तळाला गेलेलं मी वारंवार पाहतो. कमी निघालं तर लोहाच्या गोळ्या घ्या, चहासोबत नको. सगळं बरोबर निघालं तर केसांच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या महागड्या गोळ्यांवर पैसे घालवू नका. टकलावर लावायची मिनॉक्सिडिलसारखी औषधंही सध्या नकोत. जे आपणहून येणार आहे त्यासाठी ती लागत नाहीत.

केसांच्या काळजीपायी कानाचं वाटोळं केलेले लोक मी पाहिलेत. कांद्याचा रस, लिंबू, कोमट तेलाची मालीश, त्यातलं चमचाभर तेल 'कान मऊ राहावा' म्हणून आत. आपण डोळ्यांत तेल घालून जपतो असं म्हणतो. कानात मात्र घालू नका. आतमध्ये नवी कातडी धरत असते, तिच्यावर तेल साचलं की बुरशी येते. उजव्या बाजूला आणि टाळूवर बोटांनी हलकं तेल लावायला हरकत नाही, त्याने केस येणार नाहीत पण बरं वाटेल. डाव्या व्रणाच्या आसपास मात्र काही चोळू नका. डोकं धुताना व्हॅसलिन लावलेला कापसाचा बोळा कानाच्या तोंडाशी बसवा, डोकं मागे झुकवून कुणाकडून तरी पाणी घालून घ्या, झालं की बोळा काढून टाका. तोच बोळा दिवसभर ठेवू नका. इअरबड तर घरात आणूच नका.

ओलीबद्दल. मॅस्टॉइडचं रोगट हाड कोरून काढलं की तिथे पोकळी राहते आणि तिला आतून कातडी धरायला दोन-तीन महिने लागतात. तोवर अधूनमधून पातळ, बिनवासाची ओल येणं चालतं. ती घट्ट झाली, पिवळी-हिरवी झाली, वास मारू लागली किंवा रक्ताळली, तर आत मांसाचा कोंभ वाढलेला असू शकतो. तो मायक्रोस्कोपखाली पाहून साफ करावा लागतो. घरातले जुने ड्रॉप्स टाकू नका. काही ड्रॉप्समधली जेंटामायसिन, निओमायसिन यांसारखी औषधं आतल्या कानापर्यंत पोचली तर ऐकूच कमी होतं. तुमची तीन महिन्यांची तपासणी आणि ऐकण्याची चाचणी जवळ आली आहे. ती चुकवू नका, केसांसाठी नाही, कानासाठी.

बधिरपणाची नस मानेतून वर कानाकडे येते आणि कानामागच्या चिरेत तिच्या बारीक फांद्या बहुतेक वेळा दुखावतात. संवेदना कडेकडून परत येते, तीन ते सहा महिने लागतात, कधी वर्षही. येताना मुंग्या येतात, झिणझिणतं, ते चांगलं लक्षण. काही जणांना वरच्या टोकाला छोटा बधिर ठिपका कायम राहतो. ऐकण्याशी त्याचा संबंध नाही. तोवर हेअर ड्रायर वापरू नका, भाजलेलं कळत नाही. इस्त्री करता करता मोबाइल खांद्याने दाबून धरण्याची सवय असेल तर तीही सोडा. माझ्या एका रुग्णाने बधिर कानात नवी बुगडी घट्ट करून घेतली होती, कातडी लाल होऊन पू झाला तेव्हा आरशात बघून समजलं.

बाकी स्कूटरवर हेल्मेट घालताना डावा कान दुमडू देऊ नका, आधी हेल्मेटच्या दोन्ही बाजू हाताने फाकवा आणि मग डोक्यात घाला. चष्म्याची काडी व्रणावर घासत असेल तर दुकानातून ती थोडी सैल करून घ्या.

एवढं सगळं 'होईल, थांबा' म्हटल्यावर, कशासाठी थांबायचं नाही तेही सांगतो. चेहऱ्याची डावी बाजू वाकडी पडली, डोळा मिटेना. गरगरून उभं राहता येईना. ताप, जबर डोकेदुखी आणि मान ताठ. कानामागे पुन्हा सूज येऊन कान पुढे ढकलल्यासारखा दिसू लागला. वाकल्यावर कानातून किंवा नाकातून स्वच्छ पाण्यासारखं टपकू लागलं. किंवा पाळी सोडून बाकीचा कान लाल, गरम आणि हात लावू न देण्याइतका दुखू लागला. यातलं एकही झालं तर त्याच दिवशी ऑपरेशन केलेल्या डॉक्टरांना गाठा, ते नसतील तर जवळच्या मोठ्या रुग्णालयात जा. यातल्या एकाही गोष्टीचा केसांशी संबंध नाही, आणि तुमच्या पत्रात यातलं एकही नाही.

राहिलं भाचीचं लग्न. तोवर कानामागचे केस साडेचार सेंटिमीटर होतील, अंबाड्यात बसणार नाहीत पण त्यांच्यावरून शेजारच्या बटा सोडल्या तर दिसणारही नाहीत. उजवीकडच्या टकलावर तोपर्यंत सेंटिमीटरभर केस असतील असा माझा अंदाज. अंबाडा मागे खाली सैल घाला, वर ताणून नको, गळतीच्या दिवसांत ताण दिला तर कानशिलाचे केस आणखी जातात. केसांना रंग लावायचा असेल तर तो मुळांपासून आणि व्रणापासून दोन बोटं लांब ठेवा, आणि कान कोरडा असल्याचं डॉक्टरांनी सांगितल्यावरच. गजरा खुशाल माळा, पिन तेवढी उजवीकडे नको आणि डाव्या कानामागेही नको. मधोमध लावा.